घटना तीच, भावना वेगळी

न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातल्या वनस्पती उद्यानात १९ वर्षांचा एक तरुण अनोळखी मुलींशी बोलायला धजत नसे. नकाराची त्याला भारी धास्ती. शेवटी त्याने स्वतःलाच गृहपाठ घातला : महिनाभर बागेत जायचं, बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी बसून मिनिटाभरात बोलायला लागायचं. तीसेक जणी उठून गेल्या, शंभरेक जणी बोलल्या, एकीने पुन्हा भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही. पण महिनाअखेरीस भीती पळाली होती. हा तरुण म्हणजे अल्बर्ट एलिस (१९१३–२००७).

पुढे एलिस मानसशास्त्रज्ञ झाले. सुरुवातीला ते फ्रॉइडच्या मनोविश्लेषणाने उपचार करत. पण रुग्णाला त्रासाचं बालपणातलं मूळ उमगलं, तरी त्रास कमी होतोच असं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. १९५५च्या सुमारास त्यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार मांडला. त्याचं मूळ सूत्र ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटस याच्या विचारात होतं : माणसाला घटना अस्वस्थ करत नाही, घटनेकडे पाहण्याची त्याची दृष्टी करते.

समजा, पुण्यात खोली घेऊन एमपीएससीचा अभ्यास करणारे दोन मित्र एकाच परीक्षेत नापास झाले. पहिला म्हणतो, ‘पद मिळावं अशी फार इच्छा होती. वाईट झालं.’ त्याला दुःख होतं, पण आठवड्याभराने तो चुका शोधायला बसतो. दुसरा म्हणतो, ‘मी पास व्हायलाच हवं होतं. आता गावात तोंड कसं दाखवू? मी कुचकामी आहे.’ तो अंथरुणातून उठत नाही, वडिलांचा फोन घेत नाही. निकाल दोघांचा एकच. फरक पडला तो समजुतीमुळे. पहिल्याने इच्छा बाळगली, दुसऱ्याने इच्छेचा हट्ट केला.

एलिस यांच्या मते असे हट्ट तीन प्रकारचे : मी यशस्वी झालोच पाहिजे, लोकांनी माझ्याशी नीट वागलंच पाहिजे, परिस्थिती माझ्या सोयीची असलीच पाहिजे. त्यातूनच ‘हे भयंकर आहे’, ‘मला सहन होणार नाही’, ‘मी नालायक आहे’ असे निष्कर्ष निघतात.

उपचारात नेमका या समजुतींचा समाचार घेतला जातो. समुपदेशक दुसऱ्या मित्राला विचारेल, ‘पास व्हायलाच हवं, असा नियम कुठे आहे?’

‘मी दोन वर्षं अभ्यास केला होता.’

‘अभ्यासाने शक्यता वाढते. हमी मिळते का?’

‘नाही.’

‘तुझा धाकटा भाऊ नापास झाला असता, तर त्याला कुचकामी म्हणाला असतास?’

‘नसतो म्हणालो.’

‘मग स्वतःला कुचकामी म्हणून अभ्यास वाढला का?’

प्रश्न तीन अंगांनी येतात : पुरावा काय, तर्काला धरून आहे का, उपयोग काय. मग गृहपाठ मिळतो : वडिलांना स्वतः फोन करून निकाल सांगायचा. केवळ पटून भागत नाही, नवी समजूत वागण्यातून मुरवावी लागते.

‘सगळं छान होईल’ असा दिलासा इथे दिला जात नाही. नापास झाल्याचं वाईट वाटणं स्वाभाविक आहे आणि ते पुसून टाकायचं नसतं. नैराश्याच्या जागी दुःख, चिंतेच्या जागी काळजी, संतापाच्या जागी नाराजी आली, की माणूस पुन्हा हातपाय हलवू लागतो. अन्याय निमूट सोसा, असंही ही पद्धत सांगत नाही. डोकं ठिकाणावर असलं, तर अन्यायाशी लढणं उलट सोपं जातं.

१९६०च्या दशकात आरन बेक यांनी याच दिशेने बोधात्मक उपचारपद्धती विकसित केली. महाराष्ट्रात किशोर फडके यांनी एलिस यांचा विचार मराठीत आणला. डॉ. अंजली जोशी यांनी एलिस यांच्यावर चरित्रात्मक कादंबरी लिहिली, तर ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी हा विचार व्याख्यानं-लेखनातून घरोघरी नेला.

त्रास झाला की आपण स्वतःला नेमकं काय सांगतो, ते कागदावर लिहून पाहावं. आपला हट्ट तिथेच सापडतो. मात्र झोप, भूक, काम बिघडलं असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर एकट्याने झुंजू नये. मानसोपचारतज्ज्ञांना गाठावं. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस, मोफत उपलब्ध आहे.