उंबरठ्यावरची गुढी आणि रस्त्यावरची यात्रा

चैत्र शुद्ध प्रतिपदेच्या प्रातःकाळी डोंबिवलीचा फडके मार्ग माणसांनी फुलून जातो. ढोल-ताशे, लेझीम, चित्ररथ, नऊवारी नेसलेल्या लेकीसुना! येथील श्रीगणेश मंदिर संस्थानाने १९९९ साली ही नववर्ष स्वागतयात्रा प्रथम काढली. पुढे ठाण्यात श्रीकौपिनेश्वराची पालखी निघू लागली, कल्याणही मागे राहिले नाही.

आमच्यासारख्या पोथीनिष्ठांस प्रारंभी शंका आली, की याला शास्त्राधार कोणता? पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी शके १७१२ मध्ये सिद्ध केलेल्या ‘धर्मसिंधू’त या दिवसाची कृत्ये सांगितली आहेत. अभ्यंगस्नान, घरोघरी ध्वजारोपण, निंबपत्रभक्षण आणि संवत्सरफलश्रवण. मिरवणुकीचे नावही तेथे नाही.

मग दूरच्या इंग्लंडातील एक लोकाचार आमच्या वाचनात आला. तेथे मे महिन्याच्या प्रारंभी गावच्या माळावर उंच खांब रोवून, पानाफुलांनी सजवून, वसंताचे स्वागत करीत. गुढीचा जणू सातासमुद्रापारचा सोयराच! १६४४ साली तेथील पार्लमेंटाने असे खांब उखडून टाकण्याची आज्ञा केली. १६६० साली राजा परतला, तेव्हा ते पुन्हा उभे राहिले. आज त्या खांबाभोवती मुले रंगीत फिती गुंफीत नाचतात. ती प्रथा तेथे रुळली एकोणिसाव्या शतकात. जुन्या खांबाला नवा अलंकार लाभला, इतकेच. आमची शंका तेथेच मावळली. यात्रा हा गुढीचा नवा अलंकार होय.

मात्र एक भेद ध्यानी धरावा. तो खांब साऱ्या गावाचा एक, म्हणून एका आज्ञेने तो आडवा होऊ शकला. गुढी ज्याच्या त्याच्या उंबरठ्याची. २५ मार्च २०२० रोजी वर्षप्रतिपदा होती आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. यात्रा निघाली नाही, मंदिरांची दारे मिटलेली होती. बाजारात गाठी नाही, फुले नाहीत. तरी समोरच्या चाळीत, इमारतींच्या खिडक्यांत गुढ्या उभ्या राहिल्याच! कोणी जुनेच रेशमी वस्त्र बांधले, कोणी कडुलिंबाच्या एका डहाळीवर भागवले. ‘धर्मसिंधू’तील ‘घरोघरी’ या शब्दाचे मर्म आम्हांस त्या निःशब्द सकाळी उमगले.

आता यात्रा पुन्हा गजबजली आहे, याचा आनंदच आहे. परंतु घाईघाईने फेटा बांधून बाहेर पडताना घरची काठी कोपऱ्यातच राहिली, पंचांग उघडलेच नाही, कडुलिंबाचे पान मुलांच्या जिभेला लागलेच नाही, असेही आम्ही पाहतो. अलंकार उरावा आणि देह हरपावा, असे न होवो.

म्हणून वाचकहो, यात्रेस अवश्य यावे. पण दारी गुढी उभारून यावे. नूतन संवत्सर आपणा सर्वांस सुखाचे, आरोग्याचे जावो!