टाक्याविना ठिगळ

डेट्रॉइट शहराच्या पोटात, सुमारे १२०० फूट खोल, मिठाची खाण आहे. तिथलं मीठ हिवाळ्यात रस्त्यांवरचं बर्फ वितळवायला वापरतात आणि चाकांनी उडवलेल्या चिखलाबरोबर ते पिकअप ट्रकच्या हौद्यात जाऊन बसतं. मालवण-रत्नागिरीकडच्या मासळीच्या टेम्पोंना खातो तसा गंज इथे मिशिगनमध्ये, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, दर दुसऱ्या जुन्या गाडीला दिसतो. जागाही ठरलेली: मागच्या चाकावरची कमान. तिथे बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा कडेला कड दुमडून जोडलेले असतात, मधे एक खोबण राहते आणि तिच्यात ओला खारट चिखल महिनोन्‌महिने तसाच राहतो. बाहेरून रंगाला फोड येतो तोवर आतली चाळण झालेली असते.

आमच्या शेजाऱ्याने आयुष्यभर डेंटिंग-पेंटिंग केलं, आता निवृत्त आहे. त्याच्या पिकअपच्या दोन्ही कमानी त्याने वेल्डिंग न करता गोंदाने बसवल्या. मी हाताखाली होतो, म्हणजे मुख्यतः बघत होतो. वेल्डिंगचं मशीन कोपऱ्यातच उभं होतं. विचारलं, तर म्हणाला, हौद्याखाली पेट्रोलची टाकी असते. पण हौदा तर त्याने आधीच उतरवून घोड्यांवर ठेवला होता! मग खरं कारण निघालं: जस्त.

पत्र्याला गंजापासून वाचवतो तो जस्ताचा पातळ थर. जस्त ९०७ अंशांना उकळतं, पोलाद वितळायला १५०० च्या आसपास जावं लागतं. म्हणजे वेल्डिंगचा टाका बसायच्या आधीच त्याच्या भोवतालचं जस्त उडून गेलेलं असतं (तो धूर छातीत गेला तर रात्री ताप भरतो, तेही त्याने सांगितलं). बाहेरून रंग मारता येतो, पण टाक्याच्या मागे, बंद खोबणीत, ब्रश पोचत नाही. नवा गंज तिथूनच निघतो. शिवाय मिलिमीटरभरही जाड नसलेला पत्रा तापला की वाकडा होतो आणि ते लपवायला वर लांबी भरत बसावं लागतं.

गोंदाचं काम मात्र दिसतं तितकं आळशी नाही. खरं तर त्यात गोंद लावणं हा सगळ्यात छोटा भाग. गंजलेला पत्रा कापत कापत चकचकीत धातू लागेपर्यंत मागे जायचं. नवा तुकडा जुन्यावर इंचभर चढेल एवढा ठेवायचा आणि कड दाबून पायरी पाडायची, म्हणजे वरून सपाट दिसतं. मग दोन्ही बाजू ग्राइंडरने रंग, प्रायमर, गंजाचा शेवटचा ठिपका जाईपर्यंत घासायच्या. तुकडा कोरडाच बसवून, स्क्रूची भोकं पाडून, परत काढायचा. यात दुपार गेली.

गोंदाच्या बंदुकीत शेजारी शेजारी दोन नळ्या असतात आणि पुढच्या लांब तोटीत दोन्ही द्रव मिसळतात. पहिला थोडा गोंद त्याने फेकून दिला, कारण सुरुवातीला प्रमाण बरोबर येईलच असं नसतं. आधी उघड्या धातूवर पातळ थर फासला, मग जाड धार सोडली. या गोंदात काचेचे बारीक मणी असतात. शिकंजा कितीही आवळला तरी ते दोन पत्र्यांत फट राखतात, नाहीतर सगळा गोंद पिळून बाहेर येईल. हाताळायला दीडेक तास मिळतो, शिकंजे चारेक तासांनी काढता येतात, पूर्ण ताकद यायला दिवस लागतो. थंडीत हे सगळं लांबतं, म्हणून त्याने वर दिवा लावून ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याने आदल्या दिवशी चिकटवलेल्या दोन पट्ट्या माझ्या हातात दिल्या. ओढून सुटेनात. मग कडेला छिन्नी घालून उचकटल्या, तर भराभर उलगडल्या. ओढीला गोंद पक्का, सोलण्याला कच्चा. म्हणून तो इंचभर चढ हवा. कडेला कड भिडवून चिकटवलं तर ते काम नव्हे. आणि वेल्डिंग वाईट झालं तर निदान डोळ्यांना दिसतं, गोंदाखाली राहिलेला गंज कुणालाच दिसत नाही. मला या कामातली भीती वाटते ती हीच.

गोंद कुठेही चालतो असंही नाही. टेक्सासच्या डॅलसमध्ये एका गॅरेजने छोट्या मोटारीचं छत चिकटवलं होतं, कंपनीची सूचना वेल्डिंगची असताना. पुढे त्या गाडीचा अपघात झाला, आतले दोघे गंभीर जखमी झाले आणि २०१७ मध्ये ज्युरीने गॅरेजच्या वाट्याला ३ कोटी १५ लाख डॉलर भरपाई टाकली. उलट २०१५ च्या फोर्ड एफ-१५० चं ॲल्युमिनियमचं अंग कारखान्यातच रिव्हेट आणि गोंदाने जोडलेलं आहे. तिथे तो हिशोबातच धरलेला होता. मोटारीचं छत अपघातात भार घेतं. पिकअपचा हौदा सांगाड्यावर बोल्टने बसवलेला वेगळा डबा असतो, त्याच्या बाजूचा पत्रा फारसं काही पेलत नाही. पेलतात त्या हौद्याखालच्या आडव्या पट्ट्या. त्यांतली एक कुजली होती. ती त्याने गोंद उघडायच्या आधी वेल्डिंगनेच बदलून घेतली होती, कारण नंतर जवळपास आच लागली तर गोंद जळतो.

रंग झाल्यावर तिरप्या उन्हात सांध्याची बारीक रेघ दिसते. मी दाखवली. गाडी विकायची असती तर सांधा वर, पत्र्याच्या मोडीवर नेला असता, म्हणाला, पण त्यासाठी दुप्पट पत्रा कापावा लागला असता.