मुलांच्या दाढांना सीलंट : निर्णय कसा घ्यावा?

मूल सहा वर्षांचे होण्याच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे पहिली कायमची दाढ उगवते. ती येताना दुधाचा एकही दात पडत नाही. त्यामुळे तीही दुधाचीच समजून अनेक पालकांचे तिच्याकडे दुर्लक्ष होते. ही दाढ मात्र एकदा गेली की पुन्हा येत नाही.

तिच्या माथ्यावरील खाचा इतक्या अरुंद असतात, की ब्रशचे केस आत पोहोचत नाहीत. कीड बहुधा तेथूनच सुरू होते. सीलंट म्हणजे या खाचा बुजवणारा पातळ लेप. दाढ स्वच्छ व कोरडी करून, आम्लयुक्त जेलने किंचित खरखरीत करून तो लावतात आणि बहुधा निळ्या प्रकाशाने कठीण करतात. दात कोरावा लागत नाही, सुईही टोचत नाहीत. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या माहितीनुसार, दाढांमधील ८० टक्के कीड यामुळे दोन वर्षांपर्यंत टळते.

मात्र दोन दातांमधील फटींना हे कवच मिळत नाही. म्हणून फ्लोराइडयुक्त पेस्टने दोन वेळा दात घासणे सुटत नाही. लेप झिजतो किंवा निघतो. त्याची नियमित तपासणी हवी.

खाचा खोल असतील किंवा दुधाच्या दातांना आधीच कीड लागली असेल, तर विलंब करू नये. बाराव्या वर्षाच्या सुमारास येणाऱ्या दुसऱ्या दाढेलाही हाच नियम लागू पडतो. गोव्यातील पालकांना बांबोळी येथील शासकीय दंत महाविद्यालयात याविषयी सल्ला घेता येईल.