अर्बुदरोधी जनुके आणि त्यांचा पाडाव

पेशीचे विभाजन होणे जितके आवश्यक, तितकेच ते योग्य वेळी थांबणेही आवश्यक असते. हा निर्बंध घालणाऱ्या जनुकांना अर्बुदरोधी जनुके म्हणतात. त्यांपैकी दोन प्रमुख जनुकांचे कार्य पाहिले, तर असे दिसते की, ती इतर जनुकांवर सत्ता चालवितात.

पहिले जनुक ‘आरबी’. लहान मुलांच्या दृष्टिपटलात होणाऱ्या कर्करोगावरून त्याला हे नाव मिळाले. डीएनएची प्रत काढण्यास लागणारी जनुके ‘ई२एफ’ नावाची प्रथिने जागी करतात. आरबीचे प्रथिन या प्रथिनांना जखडून ठेवते. साहजिकच ती जनुके निद्रिस्त राहतात. दुसरे ‘पी५३’. याचे प्रथिन १९७९ साली सापडले. डीएनएला इजा झाली, की हे प्रथिन डीएनएच्या ठराविक जागी जाऊन बसते आणि ‘पी२१’ या जनुकाला चालना देते. पी२१चे प्रथिन विभाजन थोपविते व दुरुस्तीस अवसर मिळतो. दुरुस्ती अशक्य असेल, तर पी५३ पेशीला मृत्यूकडे नेणारी जनुके जागी करते.

मानवातील सुमारे निम्म्या कर्करोगांत पी५३ हे जनुकच बिघडलेले आढळते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मात्र निराळाच प्रकार घडतो. तेथे ही दोन्ही जनुके बहुधा शाबूत असतात. परंतु त्यांची प्रथिने निकामी केली जातात. हे काम पॅपिलोमा विषाणूचे. त्याचे ‘ई६’ प्रथिन पी५३चा नाश घडवून आणते, तर ‘ई७’ प्रथिन आरबीला निष्प्रभ करते. ‘हीला’ या नावाने प्रयोगशाळांत १९५१ पासून वाढविल्या जाणाऱ्या पेशी अशाच कर्करोगातील आहेत. त्यांच्यातील विषाणूची ही दोन जनुके बंद केली असता पी५३ व आरबी पुन्हा कार्यरत होतात आणि पेशींचे विभाजन थांबते. पहारेकरी मेलेला नव्हता, त्याचे हातपाय बांधलेले होते, असा याचा अर्थ.

विषाणूचा संसर्ग बहुतेक स्त्रियांत आपोआप नाहीसा होतो. तो टिकून राहिला, तरी कर्करोग होण्यास सहसा अनेक वर्षे लागतात. या अवधीचा उपयोग करता येतो काय, याचा शोध महाराष्ट्रातच घेतला गेला. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात १९९९ साली मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांच्या सहभागाने ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. २००९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गटाला या विषाणूची एकच चाचणी व गरजेप्रमाणे उपचार देऊ केले होते, त्यातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ या रोगाने दगावल्या. नेहमीच्याच आरोग्यसेवेवर अवलंबून असलेल्या ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४.

पेशीच्या अंतरंगातील हा झगडा डोळ्यांना दिसत नाही. परंतु त्याचा कर्ता वेळीच ओळखता आला, तर खेड्यातील स्त्रीचेही प्राण वाचू शकतात.