दगडाचा वसूल

स्कॉटलंडातील ॲबर्डीनशर परगण्यात ऱ्हायनी नावाचे एक लहानसे खेडे आहे. 1912 च्या सुमारास तेथील शेतांच्या गडग्यांत रचलेल्या काही गारगोटीसारख्या धोंड्यांकडे पेशाने डॉक्टर आणि छंदाने भूशास्त्रज्ञ असलेल्या विल्यम मॅकी या गृहस्थाचे लक्ष गेले. आणि त्यांतील दगड घासून, आरपार प्रकाश जाईल इतकी पातळ चकती करून त्याने ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तेव्हा सुमारे 40 कोटी 70 लक्ष वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे देठ, पेशी न् पेशी शाबूत असलेले, त्याच्या दृष्टीस पडले. वीतभर उंचीच्या या रोपांना खरी पाने नाहीत, खरी मुळे नाहीत, फूल तर नाहीच. परंतु सालीवर हवेची देवघेव करणारी रंध्रे आहेत, आणि काहींच्या पेशींत जमिनीतून खनिजे आणून देणाऱ्या बुरशीचे फाटे पसरलेले स्पष्ट दिसतात.

वनस्पतींनी आपल्याला प्राणवायू दिला, हे शाळकरी पोरही सांगेल. पण जमिनीवर त्यांचा अंमल बसला तो प्रथम दगडावर. जुन्या वाड्याच्या भिंतीत रुजलेला पिंपळ चिरे कसे उचकटतो हे आपण पाहतोच. त्या आद्य रोपांच्या अंगी तसले बळ नव्हते, मात्र बुरशीच्या साहाय्याने आणि आम्लांच्या योगाने खडक विरघळवून त्यातील फॉस्फरस वसूल करण्याची युक्ती त्यांना साधली होती. खडक असा झिजू लागला की हवेतील कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळून त्या झिजेत खर्ची पडतो, नद्यांवाटे समुद्रात जातो आणि अखेरीस चुनखडक होऊन तळाशी बसतो.

वसुलातील सगळा फॉस्फरस मात्र जमिनीवर राहिला नाही. सुमारे 38 कोटी 50 लक्ष वर्षांपूर्वी, आज न्यूयॉर्क राज्यात जेथे कैरो हे गाव आहे तेथे, आर्किओप्टेरिस या वृक्षाची मुळे 11 मीटरपर्यंत पसरली होती, असे तेथील प्रस्तरीभूत जमीनच सांगते. अशी अरण्ये वाढली, माती खोल झाली, तिच्यातला फॉस्फरस वाहून समुद्रात गेला, आणि खतावलेल्या शेतांचे पाणी उतरून गावतळ्यावर हिरवी साय धरावी, ती कुजताना पाण्यातला प्राणवायू संपावा आणि सकाळी मासे उलटे तरंगताना दिसावेत, तसा प्रकार त्या काळच्या उथळ समुद्रांत घडला, असे आल्गेओ आणि शेकलर या संशोधकांनी 1998 साली प्रतिपादन केले. सुमारे 37 कोटी 20 लक्ष वर्षांपूर्वीच्या महाविनाशात प्रवाळभित्ती जवळजवळ नामशेष झाल्या आणि तळाशी काळ्या गाळाचे थर साचले. हा सगळा दोष वनस्पतींच्याच माथी मारावा काय, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही, कारण ज्वालामुखींवरही संशय आहे. प्रस्तुत लेखकास मात्र वनस्पतींवरील आरोप सहजासहजी फेटाळण्याजोगा वाटत नाही.

प्राणवायूचा हिशेबही वाटतो तितका सरळ नाही. पान जितका प्राणवायू सोडते, जवळजवळ तितकाच ते कुजताना परत घेते. शिल्लक पडते ती न कुजता गाडल्या गेलेल्या पाल्यापाचोळ्यापुरती. ही शिल्लक हळूहळू वाढत गेली याचा दाखला म्हणजे लोणारी कोळसा: हवेत प्राणवायू सुमारे 16 टक्क्यांच्या खाली असेल तर रानाला वणवा लागत नाही, आणि सुमारे 43 कोटी वर्षांपूर्वीच्या थरांपासून जळक्या वनस्पतींचे तुकडे सापडू लागतात. पुढे दलदलींत अरण्येच्या अरण्ये गाडली गेली, तेव्हा हे प्रमाण बहुधा आजच्या 21 टक्क्यांच्याही वर गेले. त्या काळच्या कीटकांच्या आकाराचा संबंधही या प्राणवायूशी जोडला जातो: फ्रान्समधील कोमांत्री येथील खाणीत सापडलेल्या मेगान्युरा या चतुरासारख्या कीटकाच्या पंखांचा विस्तार दोन फुटांहून अधिक होता.

हवेतील कार्बन डायऑक्साइड असा खर्ची पडल्यामुळे पृथ्वी थंडावली, आणि त्या वेळी दक्षिण ध्रुवाच्या बाजूस असलेल्या आपल्या भूमीवरही बर्फ चढले. चंद्रपूरजवळ इरई येथे त्या काळच्या हिमनदीने चुनखडकावर ओढलेले ओरखडे आढळतात. आणि बर्फ ओसरल्यावर त्याच परिसरात ग्लॉसोप्टेरिस या वृक्षाची जी अरण्ये गाडली गेली, त्यांचाच कोळसा आज वर्धा खोऱ्यातील खाणींतून निघून चंद्रपूरच्या वीजकेंद्रात जळतो आहे.