वहीतल्या टिपणांचं पाठ्यपुस्तक झालं तेव्हा

दक्षिण आफ्रिका, २००२. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी मार्क हॉर्नर शाळकरी मुलांना लहरी समजावून सांगत होता. ग्रामीण शाळेतल्या मुलांनी त्याला वही दाखवली, टिपणं बरोबर आहेत ना म्हणून विचारलं. शाळेत तीच पाठ्यपुस्तक म्हणून वापरायची होती!

हॉर्नर आणि मित्रांनी मग स्वयंसेवक जमवून पुस्तकंच लिहायला घेतली. त्यातून पुढे 'सियावुला' ही संस्था उभी राहिली. अर्थ, 'आम्ही उघडतो आहोत'. किती नेमकं नाव!

या पुस्तकांना क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना आहे. बोधचिन्हांची आवृत्ती जशीच्या तशी छापा, वाटा. बिनबोधचिन्हांची, श्रेय देऊन, हवी तशी बदलासुद्धा. झेरॉक्स काढली तरी ती चोरी नव्हे.

२०१२मध्ये सरकारनेच दहावी ते बारावीच्या गणित-विज्ञानाच्या या पुस्तकांच्या लाखो प्रती छापून शाळांत पोचवल्या.