चाळीच्या पंख्याचा आवाज जिरविणारी घरगुती पेटी

कांद्याच्या चाळींत विजेचा पंखा बसविण्याची पद्धत आतां पुष्कळ ठिकाणीं रूढ होत चालली आहे. पट्ट्यांच्या जमिनीखालीं पोकळी ठेवावयाची, त्या पोकळींत पंख्यानें हवा लोटावयाची आणि ती ढिगांतून वर चढवावयाची, अशी ही व्यवस्था आहे. तिचे गुण वाचकांस ठाऊक आहेतच; आज आम्हांस लिहावयाचें आहे तें तिच्या आवाजाविषयीं. मालावर नजर राहावी म्हणून चाळ बहुधा राहत्या घरालगत बांधलेली असते. उन्हाळ्यांत दिवसां बाहेरची हवाच तापलेली असल्यामुळें पंखा चालविण्यास योग्य वेळ रात्रीचीच ठरते. म्हणजे नेमकें माणसें निजावयाच्या वेळीं अंगणांत घरघर सुरू होते. घरांतील म्हातारीं माणसें व तान्हीं मुलें यांची झोपमोड होते, शेजाऱ्यांशीं बोलाचाली होते, आणि अखेर कोणीतरी उठून पंख्याचें बटण बंद करतो. कांदा तर साधारण २५ ते ३० अंश सेल्सियस उष्णमान व ६५ ते ७० टक्के आर्द्रता यांत बरा टिकतो. ढिगाच्या पोटांत उष्णता व दमटपणा कोंडला कीं काजळी व सड यांस निमंत्रणच. एका बाजूस झोप व दुसऱ्या बाजूस वर्षाचा माल, अशा पेंचांत शेतकऱ्यानें पडण्याचें कारण नाहीं. थोडी सुतारकी येणाऱ्या माणसास चार दिवसांत हा आवाज पुष्कळ कमी करतां येतो.

शेजाऱ्याची तक्रार ही केवळ भिडेची बाब नव्हे हेंही ध्यानांत असावें. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें वस्तीच्या भागांत दिवसां ५५ व रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा घातलेली आहे. पंचेचाळीस डेसिबल म्हणजे फारच सौम्य आवाज. उघडा पंखा जवळून ही मर्यादा सहज ओलांडतो.

प्रथम एका घातक उपायाविषयीं. आवाज फार झाला कीं पंख्याच्या तोंडावर गोणपाट किंवा जुनी गोधडी टांगण्याची कित्येकांस संवय असते. त्यानें आवाज किंचित् दबल्यासारखा वाटतो खरा, पण हवेची वाट अडते. साध्या पात्यांच्या पंख्यास उलटा दाब मुळींच सोसत नाहीं; त्याची हवा झपाट्यानें घटते, पातीं गुदमरल्यासारखीं चालतात व पुष्कळदां आवाज उलट वाढतो. ढोलाच्या आकाराचा ब्लोअर हा दाब अधिक सोसतो, परंतु त्यालाही मर्यादा आहेच. म्हणून आवाज कमी करण्याच्या कोणत्याही युक्तीस आमची पहिली अट ही, कीं हवा कमी होतां कामा नये. हवा घटवून मिळविलेली शांतता शेवटीं कांद्याच्या भावानें विकत घेतल्यासारखी होते.

आवाज येतो कोठून हें पाहूं लागलें म्हणजे त्याचे तीन उगम सांपडतात. पहिला उगम धक्क्यांचा. मोटर व पातीं यांचा तोल थोडा जरी बिघडला तरी चौकट थरथरते, चौकटीबरोबर भिंत अगर पत्रा थरथरतो, आणि एवढा मोठा पत्रा ढोलासारखा वाजूं लागतो. पातीं पुसून त्यांवरील धुळीचे थर काढणें, सैल झालेले बोल्ट आवळणें, आणि चौकट व भिंत यांच्यामध्यें जाड रबराच्या गाद्या देणें, एवढ्यानेंच कांहीं ठिकाणीं निम्मी तक्रार नाहींशी होते. बोल्टाच्या डोक्याखालींही रबराची चकती घालावी, नाहींतर धक्का बोल्टांतूनच भिंतींत जातो व गादी घातल्याचा कांहीं उपयोग होत नाहीं. पेटी करावयास घेण्यापूर्वीं हें काम अवश्य उरकावें, आणि तें करतांना वीज मुळापासून तोडलेली असावी.

दुसरा उगम म्हणजे पात्यांची घुमघुम. मिनिटास १४०० फेरे घेणाऱ्या चार पात्यांच्या पंख्यांत एका जागेवरून सेकंदास सुमारे ९३ वेळां पातें जातें, आणि तितक्याच आंदोलनांचा खर्ज सूर निघतो. तिसरा उगम हवेच्या फाटण्याचा. पात्यांच्या कडेवर, जाळीच्या तारांवर, आडव्या पट्ट्यांवर हवा आपटून भोंवरे होतात व त्यांतून फसफस, सणसण असा अनेक सुरांचा आवाज उठतो. हे दोन आवाज हवेच्याच वाटेनें बाहेर पडतात. जी वाट हवेची तीच आवाजाची, हीच या कामांतील खरी मेख आहे.

यावर तोड अशी, कीं वाट उघडी ठेवावयाची, पण तिच्या भिंती आवाज पिणाऱ्या करावयाच्या. सच्छिद्र, मऊ पदार्थांत ध्वनीच्या लाटा शिरल्या म्हणजे तंतूंमधील हवा पुढेंमागें घासली जाते व ध्वनीची शक्ति किंचित् उष्णतेच्या रूपानें जिरते. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत १८९५ सालीं वॉलेस सेबाइन या तरुण अध्यापकाकडे एक घुमणारें व्याख्यानगृह सुधारण्याचें काम आलें होतें. त्यानें नाट्यगृहांतील खुर्च्यांच्या गाद्या वाहून आणून त्या मांडून मोजमापें घेतलीं, आणि कोणता पदार्थ किती आवाज पितो याचें शास्त्र त्यांतून उभें राहिलें. हवेच्या नळांस हें शास्त्र लावतां एक सोपा नियम हातीं येतो: हवेच्या वाटेचा अस्तर लावलेला परीघ जितका मोठा व मोकळें क्षेत्र जितकें लहान, तितका दर फुटास जास्त आवाज जिरतो. एकच रुंद वाट ठेवण्यापेक्षां तिचे दोन अरुंद भाग केले तर लाभ अधिक, तो याचमुळें.

आतां प्रत्यक्ष पेटी. पंखा १८ इंची असून मिनिटास सुमारें २००० घनफूट हवा देतो असें धरूं. पंख्याची हवा त्याच्या पाटीवर अगर माहितीपत्रकांत दिलेली असते. पाऊण इंची प्लायवूडची, आंतून ३२ इंच रुंद, २८ इंच उंच व साडेसहा फूट लांब अशी पेटी करावी. तिच्या चारही बाजूंस आंतून दोन इंच जाडीचें अस्तर लावलें म्हणजे २८ इंच रुंद व २४ इंच उंच वाट उरते. या वाटेच्या मधोमध, हवेच्या दिशेनें, चार इंच जाडीचा एक उभा पडदा बसवावा. हा पडदा म्हणजे लांकडी चौकटींत भरलेलें तेंच अस्तर होय. तो दोन्ही अंगांनीं आवाज पितो. असें केल्यावर प्रत्येकी १२ इंच रुंद व २४ इंच उंच अशा दोन वाटा होतात. त्यांचें मोकळें क्षेत्र मिळून चार चौरस फूट भरतें, आणि पंख्याचें स्वतःचें तोंड सुमारें पावणेदोन चौरस फुटांचें असतें. मोकळें क्षेत्र पंख्याच्या तोंडाच्या दीडपटीहून कधींही कमी नसावें. दुपटीहून थोडें अधिक असणें उत्तम. आपल्या पेटींत हवेचा वेग मिनिटास ५०० फूट पडतो व तिच्यामुळें होणारा अडथळा पाण्याच्या एखाद्या मिलिमीटरएवढाच राहतो. तीच पेटी निम्म्या क्षेत्राची केली तर वेग दुप्पट व अडथळा चौपट होईल. प्लायवूड वांचविण्यासाठीं पेटी लहान करण्याचा मोह येथेंच आवरावा.

पडदा पांच फूट लांबीचा पुरे. पंख्याकडील दीड फूट जागा मोकळीच ठेवावी, कारण पात्यांच्या अगदीं तोंडाशीं कांहींही आडवें आलें तर तेथें नवाच आवाज जन्मतो. पडद्याची हवेकडील कड चौकोनी न ठेवतां गोल करावी. पेटी पंख्याच्या चौकटीस थेट खिळूं नये. मध्यें जाड कॅनव्हासचा चार इंचांचा जोड द्यावा, म्हणजे पंख्याचा धक्का पेटींत जात नाहीं.

पेटी पंख्याच्या कोणत्या अंगास लावावयाची? आवाज पंख्याच्या दोन्ही अंगांनीं सारखाच निघतो. परंतु चाळींत हवा लोटणाऱ्या पंख्याचें पुढचें तोंड जमिनीखालच्या पोकळींत उघडतें. तिकडील बराचसा आवाज कांद्याच्या ढिगांतच मुरतो. अंगणांत येतो तो हवा ओढणाऱ्या तोंडाचा. म्हणून पेटी त्या अंगास लावावी. हवा बाहेर फेंकणारा पंखा असेल, जसा कोंबड्यांच्या अगर अळिंब्यांच्या खोलींत असतो, तर ती बाहेरच्या अंगास लावावी लागेल. पेटीच्या मोकळ्या टोकास अस्तर लावलेला एक काटकोनी कोपरा जोडून तोंड जमिनीकडे वळवावें. बारीक सुरांचा आवाज उजेडाप्रमाणें सरळ जातो. आंत डोकावल्यास पंखा दिसत नसेल तर त्या आवाजाचा बराच भाग कोपऱ्यांतच अडतो, आणि पावसाचेंही आपोआप निवारण होतें. तोंड व जमीन यांत दोन फूट तरी अंतर असावें, नाहींतर हवेबरोबर माती ओढली जाईल.

अस्तर कशाचें करावें याविषयीं बाजारांत व गांवांत पुष्कळ गैरसमज आहेत. अंड्यांचे कागदी ट्रे भिंतीस लावण्याची कल्पना सर्वत्र ऐकूं येते. त्या पातळ पुठ्ठ्याचा उपयोग नांवापुरताच. थर्माकोल तर निरुपयोगीच, कारण त्याचीं छिद्रें बंद असतात व ध्वनीस आंत शिरतां येत नाहीं. तोंडानें फुंकर घालून हवा पलीकडे निघते कीं नाहीं हें पाहावें. थोडी अडखळत निघाली तर पदार्थ कामाचा. दगडी लोकर म्हणून विकली जाणारी रॉकवूल सर्वांत चांगली, कारण ती जळत नाहीं व उंदरांस खाद्य होत नाहीं. ती कापतांना हातमोजे घालावे व नाकातोंडास फडकें बांधावें. तिचे तंतु अंगास खुपतात. रबर मारलेल्या काथ्याच्या गाद्याही चालतात. कापूस व चिंध्या आवाज बऱ्या पितात, परंतु विजेच्या मोटरीशेजारीं त्या ठेवणें म्हणजे आगीस जागा देणें होय, आणि दमट दिवसांत त्या कुजतात तें निराळेंच. आम्हीं त्यांची शिफारस करणार नाहीं. अस्तरावर पातळ, विरळ विणीचें कापड ताणून त्यावर उंदीर शिरणार नाहीं अशी बारीक तारेची जाळी ठोकावी, म्हणजे तंतु सुटून कांद्यांवर जात नाहींत. मात्र त्या कापडावर रंग फांसूं नये. रंगानें छिद्रें बुजलीं कीं सारी मेहनत फुकट.

या पेटीकडून अपेक्षा किती करावी? चांगलें अस्तर धरून हिशेब केला तर मध्यम व बारीक सुरांचा आवाज पांच फुटांत अकरा डेसिबलांच्या आसपास कमी होतो. मधला पडदा नसता तर सातच झाला असता. दहा डेसिबल कमी झाले म्हणजे कानास आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. कोपऱ्याचा लाभ याहून वेगळा. परंतु ९३ आंदोलनांच्या त्या खर्ज घुमघुमीवर हीच पेटी जेमतेम एक डेसिबल परिणाम करते. त्या सुराची लाट बारा फूट लांब असते. तिला दोन इंचांचें अस्तर म्हणजे हत्तीस काठी. पेटी बसविल्यावर फसफस नाहींशी होऊन ही घुमघुम अधिकच ठळक ऐकूं येते, व लोक पेटीस नांवें ठेवतात.

घुमघुमीचा इलाज पंख्याच्या वेगांत आहे. त्याच पंख्याचा वेग एक-पंचमांश उतरविला तर आवाज सुमारें पांच डेसिबल उतरतो, आणि वेग निम्मा केला तर पंधरा. हवा मात्र वेगाच्या प्रमाणांतच घटते. म्हणून ज्यांस पंखा अजून घ्यावयाचा आहे त्यांनीं लहान व वेगवान पंख्यापेक्षां मोठा व संथ पंखा घ्यावा. चार पैसे अधिक पडले तरी आम्हीं हाच सल्ला देऊं. पट्ट्यावर चालणाऱ्या ब्लोअरची पुली बदलून वेग कमी करतां येतो. ज्यांचा पंखा बसून गेला आहे त्यांनीं हवेचें तोंड घरापासून दूर न्यावें. उघड्यावर अंतर दुप्पट केलें कीं सर्वच सुर, खर्जासुद्धां, सहा डेसिबलांनीं उतरतात. पंधरा फुटांवरचें तोंड तीस फुटांवर नेण्यास विटांचा एक बोळ बांधला कीं झालें. किंबहुना ज्याच्या दारीं विटा पडून आहेत त्यानें प्लायवूडऐवजीं सारी पेटीच विटांची बांधून आंतून अस्तर लावावें. जड भिंतींतून खर्ज आवाज बाहेर झिरपत नाहीं, प्लायवूडच्या पातळ भिंतींतून तो झिरपतो.

सांध्यांकडे दुर्लक्ष करूं नये. भिंतीचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला तरी ती कितीही जाड असो, वीस डेसिबलांहून अधिक आवाज अडवूं शकत नाहीं. झांकणाखालीं रबराची पट्टी द्यावी व फटी लांबीनें भरून काढाव्या.

पेटी बसविण्याच्या आधीं व नंतर दोन परीक्षा घ्याव्या. ढिगाच्या सर्वांत दूरच्या कोपऱ्यांत, पट्ट्यांच्या फटीवर, कागदाची हलकी पट्टी बांधावी. ती पूर्वीप्रमाणेंच फडफडली पाहिजे. हातीं वायुवेगमापक असेल तर फारच उत्तम. दुसरी परीक्षा आवाजाची. मोबाईलवरील आवाज मोजण्याचें साधन अचूक आंकडा देत नाहीं, परंतु एकाच फोननें, एकाच जागीं, रात्रीच्या एकाच सुमारास घेतलेल्या दोन आंकड्यांतील फरक बराचसा विश्वासार्ह असतो. मोजमाप शेजाऱ्याच्या खिडकीपाशीं घ्यावें, व शक्य तर त्यालाच बोलावून घ्यावें.

दरसाल चाळ भरण्यापूर्वीं झांकण उघडून मधला पडदा बाहेर काढावा, धूळ झटकावी, फाटलेलें कापड बदलावें व कॅनव्हासच्या जोडास भेगा पडल्या आहेत काय तें पाहावें. पडदा खिळ्यांनीं न ठोकतां खांचेंत सरकवून बसविला असेल तर हें काम अर्ध्या तासाचें आहे.